सुटातला माणूस

ती घटना आठवायला मला निमित्त शोधावं लागत नाही. कुणाच्या घरी गेलो आणि भिंतीवर सुटाबुटातल्या माणसाची फ्रेम दिसली, की मी आधी त्याची कॉलर बघतो. मान आणि कॉलर जिथे भेटतात तिथे सावली आहे की नाही ते तपासतो आणि मगच खुर्चीवर टेकतो. बायको म्हणते, लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या फोटोंची झडती घेणं शोभत नाही. तिचं बरोबर आहे, पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खोड गेली नाही.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी मूळचा साताऱ्याकडचा, नेमणूक कोकणातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून. हद्दीतली गावं अशी, की घरटी एक माणूस आखातात. त्यामुळे ठाण्यात मारामाऱ्या कमी आणि पासपोर्टच्या पडताळण्या जास्त. त्या निमित्ताने मी पुष्कळ घरं आतून पाहिली. ओटीवर बसायचं, पाण्याचा तांब्या यायचा आणि समोर भिंतीवर घरातल्या गल्फवाल्याचा फोटो. निळसर सूट, तांबडा टाय, एक हात खिशात, दुसऱ्या हाताच्या बोटात जाड अंगठी. घर बदललं तरी फोटो साधारण तसाच. तिकडे गेल्यावर सगळ्यांना एकच शिंपी भेटतो की काय, असं मी एकदा हवालदाराला गमतीने म्हणालोही होतो.

एका सकाळी हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो. ठाणे अंमलदार आत आला आणि दारातच घुटमळला.

"साहेब, एक बाई आलीय. तक्रार काय विचारलं तर म्हणते, एक माणूस शोधून पाहिजे. नाव काय विचारलं तर म्हणते, तेच तर माहीत नाही."

मी तिला आत बोलावलं. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. रडत नव्हती. रडून झालेलं होतं आणि आता राग उरला होता. असा माणूस सहसा खरं बोलतो, पण सहसाच. म्हणून मी पहिल्या भेटीत काही ठरवत नाही.

तिची हकीकत अशी. नवरा शारजाला, लेथ मशीनवर. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर येतो. ती सासू-सासऱ्यांजवळ राहते, चार वर्षांची मुलगी आहे. शेजारच्या गावातला एक जण शारजाहून सुट्टीवर आला. तिकडून येणाऱ्याच्या बॅगेत सगळ्या ओळखीच्यांची पाकिटं आणि पुडकी असतात, ती तो घरोघर पोचवतो. तसं त्याने यांच्या घरी एक पाकीट दिलं. वर हिचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव नाही. सासऱ्यांनी फोडलं. आत एकच फोटो. त्यात ही उभी, आणि तिच्या शेजारी खांद्याला खांदा लावून एक सुटातला परका माणूस. मागे स्टुडिओतला निळा पडदा.

"साडी माझी, सायब. गळ्यातलं माझं. तोंड माझं," ती म्हणाली. "माणूस माझा नाय. मी त्याला जन्मात बघितलेला नाय."

त्याच दिवशी तिला माहेरी धाडलं. मुलीला ठेवून घेतलं. सासऱ्यांनी फोटो पत्रासोबत मुलाकडे शारजाला पाठवला. मुलाचा फोन आला: सुट्टीवर येतोय, आलो की वकिलाकडे जाऊन सोडचिठ्ठीचं बघतो, पोरगी आपल्याकडेच राहील. गावात तर तर्काला ऊत आला होता. गेल्या उन्हाळ्यात कोण कोण गल्फवाला सुट्टीवर आला होता, याची उजळणी पाणवठ्यावर चालली होती.

मी म्हटलं, सासरच्यांविरुद्ध रीतसर तक्रार दे, मी त्यांना बोलावून घेतो.

"मला कोणाला आत टाकायचा नाय. हा बाबा कोण ते तेवढा शोधून द्या. मग मी बघते."

स्टेशन डायरीला नोंद घेतली. सासऱ्यांना बोलावलं, तर गृहस्थ ताठ. "फोटो खोटं बोलतो काय साहेब?" हे त्यांचं एकच वाक्य, सगळ्या प्रश्नांना. पाकीट आणणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, निघायच्या दिवशी कोण काय आणून बॅगेत कोंबतो ते मलाच कळत नाही. तो खरं बोलत होता. माझ्याकडे ना फोटो, ना संशयित. आणि ती बाई एक दिवसाआड येऊन बाकावर बसायची. माझ्याकडे बघायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची.

योग असा, की माझा मेहुणाच शारजात, अल मजाज भागात राहायला. किती वर्षं बोलवत होता. परदेशी जाण्याची परवानगी वरिष्ठांकडून आधीच आली होती, तिकिटं झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी त्या बाईकडून नवऱ्याचा पत्ता लिहून घेतला. बायको म्हणाली, "अहो, सुट्टीवर चाललोय ना आपण?" मी हो म्हणालो. तिने विश्वास ठेवला नाही, सवयीने.

शारजात माझे पहिले दोन दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. मेहुण्याचं घर बाराव्या मजल्यावर. खाली खाडीचं पाणी, कारंजं, फिरायला आलेली कुटुंबं. बघायला सुंदर, पण मला एका जागी बसवेना. सकाळी पाचला जाग यायची आणि हजेरी घ्यायला समोर कोणी नसायचं. गॅलरीत जायचो, आत यायचो, परत गॅलरीत. कमरेला पट्टा नाही, बाहेर शिपाई नाही, आणि हद्द तर कुणा परक्या राज्याची. मी तिथे पोलीस नव्हतो, पाहुणा होतो, आणि पाहुण्याला चौकशीचा अधिकार नसतो. तिकडे ती बाकावर येऊन बसत असेल हे डोक्यातून जात नव्हतं.

शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. मेहुण्याने गाडी काढली. "यल्ला दाजी, चला. पण एक सांगतो, इथे आवाज चढवायचा नाही हां. इथे कोणी कंप्लेंट केली ना, तर तुमची व्हेकेशन खलास आणि माझी नोकरी पण."

औद्योगिक भागात गॅरेजं आणि वर्कशॉपं यांच्या मागे त्यांची खोली होती. दुमजली लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, एका कोपऱ्यात स्टोव्ह. सगळे आमच्याच जिल्ह्याचे. नवरा खालच्या खाटेवर बसला होता. शिडशिडीत, डोळे तांबारलेले. मी ओळख सांगितली तसा तो उठून उभा राहिला, मग त्याच्या लक्षात आलं की इथे उठायची गरज नाही, आणि परत बसला.

"तिने तुमाला इतक्या लांब पाठवला?"

"मी सुट्टीवर आलोय. फोटो बघायचाय."

"बघून काय करताय? इथे तुमचा काय चालणार नाय, सायब."

"माहीत आहे," मी म्हणालो. "म्हणून तर विनंती करतोय."

पोलिसाने विनंती केलेली त्या खोलीत कुणीच कधी ऐकली नसावी. जो तो आपापल्या खाटेवर सरकला. एक जण मात्र उठून चहाला लागला. पस्तिशीचा, नखांच्या कडांना रंग बसलेला. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा होता. चहा देताना तो हळूच म्हणाला, "साहेब, वहिनी तशा नाहीत. आम्ही ह्याला रोज सांगतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. खोलीतला दुसरा कोणीच काही सांगत नव्हता. न विचारता बाजू घेणारा माणूस मी मनात नोंदवून ठेवतो. आता खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं की सुटातला नसला तरी प्रकरणातला माणूस हाच.

नवऱ्याने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक फोटो चिकटवलेला होता, पण उलटा, पांढरी पाठ बाहेर. त्याखालून त्याने पाकीट काढलं आणि माझ्या हातात जवळजवळ फेकलं. "घेऊन जा. मला तो जवळ नको. पण मी जायच्या आधी परत पाहिजे, वकिलाला दाखवायला."

फोटो मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायकोने चष्मा लावला, एक नजर टाकली आणि म्हणाली, "ही बाई उलटी साडी का नेसलीय?"

"म्हणजे?"

"पदर बघा ना. उजव्या खांद्यावर. आपल्याकडे कोण घेतं असा? आणि नाकातलं पण उजवीकडे."

मी कपाळाला हात लावला. इतका वेळ मी माणसाचं तोंड बघत होतो, अंगठी बघत होतो, बाईचा हात कुठे आहे ते बघत होतो. पदर बघितला नव्हता. सासऱ्यांनी बघितला नव्हता, नवऱ्यानेही नाही. रागावलेल्या माणसाला बाईच्या फोटोत पदर सोडून सगळं दिसतं.

मेहुण्याची मुलगी कॉलेजात होती. जन्मापासून शारजात, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत सांगायचं. ती फोटोवर वाकली. "काका, इट्स फ्लिप्ड. कोणीतरी तिला कट करून उलटं पेस्ट केलंय. व्हेरी ईझी."

"तुला येतं हे?"

"ऑफ कोर्स. वी हॅव इट इन कॉलेज."

"मग मला शिकव."

ती हसली, मेहुणा हसला, बायको हसली. पण मी गंभीर होतो. घरफोडीच्या तपासात मी कुलूपवाल्याच्या दुकानात बसून कुलूप उघडायला शिकलो होतो. काम कसं होतं ते हाताला कळल्याशिवाय करणारा माणूस डोक्याला कळत नाही.

त्यानंतर रोज दुपारभर मी तिच्या कॉम्प्युटरपुढे. पहिला दिवस उंदीर हातात धरण्यातच गेला. तोंडाभोवती रेघ ओढत न्यायची, आणि शेवटाला आलो की हात हलायचा आणि रेघ कानातून आरपार. "काका, कंट्रोल झेड," ती म्हणायची, म्हणजे केलेलं मागे घ्या. असं बटण पोलीस खात्यात असतं तर, असा विचार माझ्या मनात आला. मग मी माझ्याच फोटोवर सराव केला. मिशी पुसली, आणि बायको म्हणाली आधीचंच बरं होतं. भिंतीवरचा डाग पुसायला शेजारची भिंत उचलून त्यावर लावायची, हे शिकलो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायला शिकलो. संध्याकाळी सगळे खाडीवर फिरायला जायचे आणि मी खुर्चीत वळवळत त्या पडद्यासमोर. नवऱ्याचं विमान जवळ येत होतं आणि मला अजून धड कानसुद्धा कापता येत नव्हता.

पण त्या चुकांनीच मला वाट दाखवली. नवशिका कुठे अडखळतो ते मला आता माहीत झालं होतं. मग मी तो मूळ फोटो स्कॅन करून मोठा केला. बाईच्या केसांची कड खरवडल्यासारखी, अगदी माझ्यासारखीच. तिच्या कोपराजवळ तांबड्या रंगाचा एक बारीक तुकडा राहून गेला होता, जो ना तिच्या साडीचा होता ना त्याच्या टायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुटातल्या माणसाच्या गळ्याभोवती, कॉलरच्या वर, एक पुसट कापलेली रेघ होती. बाईची जोडणी झाल्यावर इथे पुन्हा कुणीतरी कात्री चालवायला घेतली होती.

"हे काय?" मी भाचीला विचारलं.

"मे बी ही वॉज गोइंग टू चेंज द हेड."

मी खुर्चीवरून उठलोच. मुंडकं बदलायचं होतं. म्हणजे फोटो बदनामीसाठी केलेला नव्हता. तो अर्धवट होता. काम संपायच्या आधीच घराबाहेर पडलेला.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला रजा टाकायला लावून आम्ही बाजारातले स्टुडिओ पालथे घातले. तिसऱ्या की चौथ्या दुकानाच्या काचेत तो मला भेटला. तोच. निळसर सूट, तांबडा टाय, एक हात खिशात, बोटात अंगठी, उन्हाने फिकट झालेला, हसत उभा. ज्याच्यावरून एक संसार मोडायला निघाला होता तो माणूस काचेत नमुना म्हणून टांगलेला होता.

मालक केरळचा. मी बोट दाखवून विचारलं, हा कोण? तो हसला. "साब, ये तो कोई नहीं है. पुराना सैंपल है. लेबर लोग आता है, सूट किधर से लाएगा? मुंडी उसका, सूट इसका. सब घर भेजता है."

तेव्हा माझ्या डोक्यात हद्दीतल्या सगळ्या ओट्या एकामागून एक उभ्या राहिल्या. एकच शिंपी! मी गमतीने म्हणालो होतो आणि गंमत खरी निघाली होती. त्या माणसाला तिने जन्मात बघितलं नव्हतं ते खरंच होतं. पण धडापुरता तो गावातल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं राहत होता.

"कॉम्प्युटर पर काम कौन करता है?"

"मैं करता है. और शाम को एक आप का मराठी आदमी सीखने को आता है. गाड़ी पेंट करता है. हाथ अच्छा है उसका."

मला पुढे विचारायची गरज पडली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. चहा देताना त्याने मला ते दाखवलंच होतं.

मी खोलीवर गेलो. पेंटर कामावर होता, नवरा पाळी संपवून आलेला. मी कपाटाच्या दारावरचा उलटा फोटो सरळ करायला सांगितला. तो नको म्हणाला. मी स्वतः काढला. घरच्या सत्यनारायणाचा फोटो, दारात दोघं उभी. तीच साडी, तीच मान, पण पदर डाव्या खांद्यावर. आणि नवऱ्याच्या अंगावर तांबड्या काठाचं उपरणं, तिच्या कोपराला लागलेलं. फोटो एका दिवसासाठी मागून घेतला.

त्या दिवशी मी शिकलेलं सगळं पणाला लावलं. सत्यनारायणाच्या फोटोतलं नवऱ्याचं डोकं कापलं आणि सुटावर बसवलं. म्हणजे अर्धवट काम मीच पुरं केलं. पुरं कसलं, विटंबना केली. डोकं एका बाजूला कललं, रंग काळवंडला, एक कान गेला.

"काका, धिस इज टेरिबल. लेट मी फिक्स इट."

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "असाच पाहिजे."

पेंटरला मी वर्कशॉपजवळच्या चहाच्या टपरीवर बोलावून घेतलं. मेहुणा शेजारच्या टेबलावर, घाम पुसत. मी आवाज चढवला नाही. स्टुडिओत जातोस का विचारलं. नाही म्हणाला. कॉम्प्युटर येतो का? "आम्हाला कुठला येतो साहेब, आमचा आपला स्प्रे गन." हे म्हणताना त्याने कप दोन्ही हातांनी धरला होता. माझ्या ठाण्यात असता तर मी त्याला तासभर तसाच बसवून ठेवला असता. इथे माझ्याजवळ एकच हत्यार होतं. मी ते टेबलावर ठेवलं.

त्याने फोटो बघितला आणि त्याचा चेहराच बदलला. भीती गेली, तिरस्कार आला.

"हे कोणी केलंय?"

"एकाने. चांगलं झालंय ना?"

"चांगलं? साहेब, मान अशी बसते काय कधी? कॉलरची सावली कुठाय? उजेड इकडून येतोय, तोंडावर तिकडून. वहिनींना फिरवलंय तर ह्याचं तोंड पण त्या बाजूला—"

तो थांबला.

"वहिनींना फिरवलंय हे मी तुला सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला. मग तो तिथेच, चार माणसांत, हमसून रडायला लागला. कारागीर माणूस गुन्हा लपवू शकतो, पण समोर दुसऱ्याचं वाईट काम आलं की त्याला गप्प बसवत नाही.

त्याने सांगितलं ते असं. गाड्यांच्या रंगाच्या वाफेने छाती भरायला लागली होती, म्हणून हे काम शिकून स्टुडिओत लागावं हा त्याचा विचार. सरावासाठी तो खोलीतल्यांचे फोटो करायचा. लेथवाल्याच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. दोघांचा एकत्र फोटो एकच, तोही दारातला.

"म्हटलं, वहिनी इथे कधी यायच्या? त्यांना शारजा दाखवू. खाडीच्या काठावर दोघं, हा सुटात. ह्याला पण नाही सांगितलं. तिकडून वहिनींचाच फोन येऊ दे, गंमत होईल."

कपाटावरचा फोटो गुपचूप नेला, स्कॅन केला, परत लावला. आधी बाई, तोंड सुटाकडे यावं म्हणून उलटी करून, जोडली, गळ्याभोवती कापायची रेघ आखली आणि रंग बघायला एक प्रिंट काढली. मग डोकं बदललं, मागे खाडी घातली, चांगली प्रिंट काढली. दोन्ही सारख्याच पाकिटांत. गाववाला विमानतळावर निघाला होता, बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती, ह्याने नाव घालून पाकीट त्याच्या बॅगेत सारलं. रात्री दुसरं पाकीट उघडलं तर आत खाडी. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, परका माणूस बघून फेकून देतील. मग ह्याच्या घरून फोन आला, आणि मग... दुसऱ्याच्या बायकोचा फोटो कपाटातून चोरून काढला, हे कुठल्या तोंडाने सांगू? रोज ठरवत होतो, आज सांगतो. रोज तो जास्तच पेटलेला असायचा."

मला त्याचा भयंकर राग आला. हात उठायचा तेवढा राहिला. त्याच्या एका शब्दाने सगळं मिटलं असतं आणि तेवढ्या शब्दासाठी एक लहान पोर आईविना झोपत होतं. आणि त्याच वेळी मला त्याची दयाही आली, हेही सांगून टाकतो. त्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

नवऱ्याला मी स्टुडिओत घेऊन गेलो. पेंटरला बघताच तो अंगावर धावला. मी आणि मेहुणा मधे पडलो. "हबीबी, प्लीज, इधर नहीं," म्हणत मालक दार लावायला पळाला. पेंटर मार खायला तयारच होता. त्याने फक्त पडद्याकडे बोट केलं.

पडद्यावर खाडी होती, कारंजं होतं. निळ्या सुटात हा उभा, मान अगदी जागच्या जागी. शेजारी ती, त्याच्याकडे किंचित वळलेली. नवरा बघत राहिला. 

"ती इथे आली असती तर अशीच दिसली असती," एवढंच तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तिथूनच मेहुण्याच्या मोबाईलवरून तिच्या माहेरच्या शेजारी फोन लावला. तिला बोलावून आणेपर्यंत हा दुकानात येरझारा घालत होता, आणि खरं म्हणजे मीसुद्धा. ती आली. त्याने सगळं सांगितलं, अडखळत, माफी मागत. मग तिने काहीतरी विचारलं आणि याने माझ्याकडे बघितलं.

"विचारतेय, तो माणूस सापडला काय म्हणून."

मी फोन घेतला. "सापडला. दुकानाच्या काचेत उभा आहे. कोणीच नाही तो."

"बरा झाला," ती म्हणाली. "आता ह्यांना सांगा. तो फोटो पयला सासऱ्यांकडे परत पाठवा. तो खाडीचा नको, तोच. ओटीवर लावा म्हणावा, समोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. ज्याच्यापायी मला बाहेर काढला त्याला आधी घरात घ्या. मग मी येते."

मी निरोप सांगितला. नवऱ्याने तो फोटो माझ्याकडून मागून घेतला. मग म्हणाला, "मी स्वतः नेऊन लावतो."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नंतर तरुण अधिकाऱ्यांपुढे बोलताना मला अनेकदा विचारलं गेलं. मी सांगायचो, फोटो हा पुरावा नाही, तो एक साक्षीदार आहे. त्याची उलटतपासणी घ्यायची असते, आणि घ्यायला यायला हवी, म्हणून तुम्ही ते काम शिका. पण हे झालं खात्यापुरतं. मला जे खरोखर लागलं ते वेगळं आहे. सहा वर्षं जी बाई रोज ताट वाढत होती, तिच्या तोंडच्या शब्दापेक्षा वीतभर कागद मोठा ठरला, आणि तो ठरवायला घरच्या कुणालाही तासभर लागला नाही. फोटोतली लबाडी मी आठ-दहा दिवसांत शोधायला शिकलो. माणसं इतक्या लवकर कशी फिरतात हे मला पुऱ्या नोकरीत उलगडलं नाही.

काही महिन्यांनी एका पडताळणीसाठी मी त्या वाडीत गेलो, तेव्हा मुद्दाम त्या घरावरून वळलो. ती अंगणात वाळवण घालत होती, मुलगी पायात घुटमळत होती. मला बघून तिने पदर सारखा केला आणि पाणी आणायला आत गेली. सासरे ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांच्या डोक्यावर, बरोबर समोर, चांगल्या फ्रेममध्ये तो उभा होता. निळसर सूट, तांबडा टाय, हात खिशात. शेजारी त्यांची सून, उजव्या खांद्यावर पदर घेतलेली.

माझ्याबरोबर नवा शिपाई होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने वर बघितलं आणि सहज विचारलं, "आजोबा, हा कोण? मुलगा काय तुमचा?"

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. आत हंड्यात तांब्या बुडवल्याचा आवाज आला, आणि मग तोही थांबला. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. असं उत्तर त्यांनी आधीही पुष्कळांना दिलं असावं.

"मुलगा नाही," ते म्हणाले. "ती माझी चूक आहे."